चार नंबर पुसून झाला

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा कॉम्प्युटर होते. ते सगळ्यांचे होते, म्हणजे कोणाचेच नव्हते. जे कोणाचंच नसतं त्याची एरवी जी गत होते ती या सहांची झाली नव्हती, याला कारण एकच माणूस. त्याला सगळे साफसूफभाऊ म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच धूळ खात पडलं होतं. भाऊंच्या राज्यात धूळ खाणारी तेवढी एकच वस्तू.

एक माणूस उठला की दुसऱ्यानं लगेच बसायचं नाही, हा त्या खोलीचा पहिला कायदा. मधली चार मिनिटं भाऊंची. उठणारा दारात ठेवलेल्या रजिस्टरात वेळ लिहीपर्यंत भाऊ मशीनपाशी पोचलेले असत. समोर नाही, बाजूला उभे राहत. तोंड खिडकीकडे. मग अंगठा बरोबर स्क्रीनच्या बटणावर पडे आणि स्क्रीन काळी होई. त्यानंतर खालच्या डब्यावरचं बारीक बटण. ते दाबलं की मशीन एकदा मरून पुन्हा जन्माला येई, आणि आधीच्या माणसानं काय उघडलं, काय लिहिलं, काय उतरवून घेतलं, त्यातलं काही म्हणजे काही मागे उरत नसे. मशीन पुन्हा उठेपर्यंत भाऊ कीबोर्ड उचलून पालथा घालत आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढायला थोपटतात तसं पाठीवर दोन थोपट्या मारत. बिस्किटाचा चुरा, खोडरबराच्या अळ्या, केस, एकदा तर अख्खं नख पडलं होतं. मग स्पिरिटचं फडकं, मग माउसचं पोट. शेवटी वाकून मशीनच्या मागे, वायरींच्या गुंत्यात कोणी भलतंच काही खोचून तर नाही ना गेलं, हे बघणं. मग स्क्रीन चालू, आणि "हं, या, बसा."

भिंतीवर भाऊंच्या जाड अक्षरातल्या पाट्या होत्या. 'ओल्या हातानं बसू नये.' 'पासवर्ड पुटपुटत टाइप करू नये, शेजाऱ्याला कान असतात.' 'मशीननं लक्षात ठेवू का असं विचारलं तर नको म्हणावं.' ही तिसरी पाटी वाचून कॉलेजातली मुलं खुसखुसायची. भाऊ म्हणायचे, "हसा. ज्या दिवशी मागचा माणूस तुमच्या नावानं पत्रं पाठवेल, त्या दिवशी मी हसेन." पण भाऊंना कोणी हसताना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ही धमकी तशी पोकळच.

रोज एक पेन्शनर आजोबा येत. एक नंबरवर बसून कोणाचीही न आलेली मेल तपासत आणि उठताना ठरलेला प्रश्न टाकत, "भाऊ, माझा पासवर्ड काय हो?"

"मला कसा माहीत असणार, आजोबा?"

"मग इतकी वर्षं इथं काय करताय?"

"तो मला माहीत होऊ नये म्हणूनच बसलोय."

हे अगदी खरं होतं. दुसऱ्याचं वाचायचं नाही, फक्त पुसायचं, हा भाऊंचा धर्म. आणि तो त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता, ठेच लागून मिळाला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिवणाचा क्लास घेणाऱ्या एक बाई पान उघडं ठेवून गेल्या. नवऱ्यापासून वेगळं होण्याचा अर्ज होता. भाऊंनी चारच ओळी वाचल्या आणि घरी बायकोला "तुला म्हणून सांगतो" म्हणून सांगितल्या. बायकोनं जावेला "तुला म्हणून सांगते" म्हणून सांगितल्या. तिसऱ्या दिवशी त्या चार ओळी सगळ्या आळीला म्हणून झालेल्या होत्या. बाई एकदाच परत आल्या. आत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही पुसायला आहात ना भाऊ? मग पुसायचं होतं." त्या दिवसापासून आधी स्क्रीन बंद, मग बाकीचं.

भाऊंना एकच मुलगा. चोवीस वर्षांचा, हातात यंत्रं खेळवणारा. डब्यावरचं बटण दाबलं की सगळं आपोआप पुसलं जावं, ही करामत त्याचीच. एका रविवारी येऊन त्यानं सहाही मशीनमध्ये ती फुकट बसवून दिली होती. भाऊंना त्याचा अभिमान होता. तो त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितला, आजोबांना सांगितला, झाडूवालीला सांगितला. मुलाला सोडून सगळ्यांना सांगितला. पोराची तोंडावर स्तुती केली की पोर डोक्यावर बसतं, असं त्यांच्या वडिलांचं मत होतं आणि भाऊंनी ते न तपासता पुढे वापरलं होतं.

मग वरून एक परिपत्रक आलं. सार्वजनिक कॉम्प्युटरला काही बदमाश लोक एक छोटा तुकडा लावतात, त्यात लोकांचे पासवर्ड जमा होतात, सावध राहावे. सोबत चित्र. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, कीबोर्डची वायर आणि मशीन यांच्या मधोमध. भाऊंनी चित्र भिंतीवर चिकटवलं आणि त्याच दुपारी दोन नंबरच्या मागे वाकले. तिथं बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा होता. कीबोर्डची वायर आणि मशीन यांच्या मधोमध.

भाऊंची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं आपण इथं वाकतो आणि आपल्या नाकाखाली हे? ग्रंथपालबाई धावत आल्या. "हात लावू नका त्याला. मशीन बंद करा, झाकून ठेवा. इंजिनिअर आला की तोच काढेल." आणि मग हळूच, "मशीनच्या मागे कोणाकोणाचा हात जातो हो, भाऊ?"

हिशेब सोपा होता. भाऊंचा स्वतःचा. दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या इंजिनिअरचा. आणि मुलाचा.

नेमका त्याच वेळी मुलगा भाऊंचा घरी विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आला. खोलीत आठ-दहा माणसं होती. भाऊंनी त्याला दंडाला धरून दोन नंबरच्या मागे नेलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हे तू लावलंस का?"

मुलानं वाकून बघितलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तो सरळ झाला आणि त्यानं बापाकडे बघितलं. "तुम्हाला तसं वाटतं?"

"मी सगळ्यांनाच विचारणार. इथं घरचा-बाहेरचा असं काही नाही."

मुलानं डबा टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. झाकण नीट लागलं होतं की नाही हेही न बघता.

आजोबा म्हणाले, "भाऊ, घरी विचारायचं होतं हो."

"घरी एक आणि इथं एक, असं मला जमत नाही."

"तेच म्हणतोय मी. जमत नाही तुम्हाला."

घरात बारा दिवस अबोला. मुलगा ताटावर बसे, जेवे, उठे. भाऊ ताटावर बसत, जेवत, उठत. मध्ये बायको, वाढता वाढता दोघांची तोंडं बघत. "अहो, एकदा नीट विचारा तरी त्याला."

"विचारलं की."

"त्याला विचारणं म्हणत नाहीत. पंचनामा म्हणतात."

"मग त्यानं नाही म्हणायचं होतं! तोंड शिवलं होतं का त्याचं?"

"शिवलंत तुम्हीच, आणि वर विचारताय."

लांबच्या एका शहरात कारखान्यातल्या मशिनींच्या देखभालीचं काम त्याला मिळतंय, जावं की नाही हे त्याचं ठरत नाही, एवढं भाऊंना बायकोकडून कळलं होतं. भाऊंनी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. वाक्य साधंच होतं. 'इंजिनिअर येईल, काय ते कळेल, तोवर तू राहा.' पण तयार वाक्य आणि बाहेर पडलेलं वाक्य यांच्यात घसा असतो, आणि भाऊंचा घसा त्या बाबतीत बापजन्मात कधी साफ झालेला नव्हता.

तेराव्या दिवशी दुपारी तीन वाजता मुलगा खोलीत आला. सगळ्यांसारखं रजिस्टरात नाव लिहिलं, वेळ लिहिली. चार नंबरवर बसला. एरवी त्याची बोटं कीबोर्डवर पाऊस पाडत, त्या दिवशी मात्र तो एका एका अक्षराला थांबत होता. लिहायचा, खोडायचा, खिडकीकडे बघायचा. भाऊंना वाटलं, नोकरीचा अर्ज असणार. ते तिकडे मुद्दाम फिरकले नाहीत. तीनदा फडकं धुतलं.

चार वाजता तो उठला. रजिस्टरात वेळ लिहिली आणि दाराशी थांबला. "चार नंबर झालाय माझा," तो म्हणाला.

तेरा दिवसांतले पहिले शब्द. भाऊंचं वाक्य गळ्यापर्यंत आलं. पण प्रवेशअर्ज छापायला आलेली एक बाई मध्येच म्हणाली, "मी बसू का हो चारवर? पाचला कॉलेजची खिडकी बंद होते." भाऊ तिला म्हणाले, "चार मिनिटं," आणि मुलाला म्हणाले, "बरं."

तो अजून क्षणभर उभा राहिला. मग गेला.

भाऊ नेहमीसारखे खाली बघत चार नंबरपाशी आले. बाजूला उभे राहिले, तोंड खिडकीकडे. आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी त्यांना वळून बघण्याचा मोह झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा मान आपोआप वळायला लागली. स्क्रीन चालू आहे, पोरानं काय लिहिलंय, कुठं चाललाय, एक नजर टाकली तर कोण बघतंय? भाऊंनी मान आवरली. पोराचं झालं तरी ते पोराचं. अंगठा बटणावर पडला, स्क्रीन काळी झाली. मग डब्यावरचं बारीक बटण. त्या दिवशी कीबोर्डाला त्यांनी दोनाच्या जागी चार थोपट्या मारल्या, प्रत्येक बटणाच्या कडेनं स्पिरिटची काडी फिरवली. आपण घरच्या माणसालाही तोच नियम लावला, या समाधानात ते साडेसहाला घरी गेले.

बायको अंधारात बसली होती. दिवा लावायचं राहून गेलं होतं.

"गेला तो," ती म्हणाली. "सव्वापाचच्या बसनं. बॅग दुपारीच स्टँडवर नेऊन ठेवली होती. तुमच्याकडे येऊन जाणार म्हणाला. भेटला ना?"

"आला होता."

"मग? काय बोललात?"

भाऊंनी चपला काढल्या, जोडून ठेवल्या. "बरं म्हणालो."

बसस्टँड वाचनालयापासून पायी सहा मिनिटांवर आहे. भाऊंना चालायला आठ लागतात.

पुढे दर रविवारी सकाळी मुलाचा आईला फोन येई. काम बरं आहे, खोली बरी आहे, खोलीतला दुसरा मुलगा घोरतो. भाऊ पेपर तोंडापुढे धरून पलीकडे बसत. पान उलटायला विसरत. एकदा बायको फोनवर म्हणाली, "बाबांना देऊ का?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिनं फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तो म्हणतो, बाबांना जे म्हणायचं होतं ते कळलं त्याला. काय कळवलंत तुम्ही?"

"मी? मी कुठं काय कळवलं?"

"तेच विचारतेय."

भाऊंनी खूप डोकं खाजवलं. 'बरं' या शब्दात इतकं काय होतं?

तुकडा सापडल्यापासून दीड महिन्यानं इंजिनिअर आला. दोन नंबरवरचं कापड काढलं, मागे वाकला आणि वाकल्या वाकल्या हसायला लागला. "भाऊ, अहो हा तर मीच लावलाय! मागच्या खेपेला कीबोर्ड बदलला ना? त्याची पिन गोल, मशीनचं भोक चपटं. मग मध्ये हा जोड घातला. यासाठी मशीन दीड महिना झाकून ठेवलंत?" त्यानं तो तुकडा ओढून काढला आणि भाऊंच्या तळहातावर ठेवला. "दिसतो मात्र अगदी चित्रातल्यासारखा, हे खरं."

भाऊ तळहाताकडे बघत राहिले. तुकडा इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटत नव्हतं. आजोबांनी एक नंबरवरून मान लांब करून बघितलं.

रविवारी फोन वाजला तेव्हा भाऊंनी तो बायकोच्या आधी उचलला.

"मी बोलतोय."

पलीकडे मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

"तो दोन नंबरचा तुकडा," भाऊ म्हणाले, "साधा जोड निघाला. इंजिनिअरनंच लावलेला. माझं चुकलं."

"माहितीये. लिहिलं होतं मी."

"कुठं लिहिलं होतंस?"

"कुठं म्हणजे? चार नंबरवर." मुलाच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं. "उघडंच ठेवून गेलो होतो ना. वर 'बाबा' लिहिलं होतं. अक्षरं इतकी मोठी केली होती की दारातून दिसावीत. तुम्हाला सांगूनही गेलो, चार नंबर झालाय म्हणून."

भाऊ खाली बसले. पाठीमागे खुर्ची होती हे नशीब.

"मी स्क्रीन आधी बंद करतो रे."

"लोकांची करता."

"सगळ्यांचीच करतो. मला वाटलं... तुझं खाजगी असेल."

"तुमच्या नावानं लिहिलेलं माझं खाजगी? मला वाटलं, माझं तरी बघाल."

भांडी घासणं थांबलं होतं. भाऊंना आता पोराचा श्वास ऐकू येत होता.

"खरंच नाही वाचलंत?"

"नाही."

"सव्वापाचची बस त्या दिवशी साडेपाचला सुटली. मीच कंडक्टरला बोलण्यात गुंतवून ठेवला होता. स्टँडवरून वाचनालयाचा कोपरा दिसतो."

"काय लिहिलं होतंस?"

"आता काय करायचंय?"

"सांग तरी."

"सगळं नाही आठवत. तुकड्याचं होतं. मग, या म्हणून होतं. एवढंच की तुम्ही स्टँडवर आलात तर मी बसत नाही बसमध्ये. काही बोलायचीही गरज नाही, असं लिहिलं होतं. तुम्हाला जमत नाही म्हणून."

भाऊंचं ते तयार वाक्य अजून तिथंच होतं, घशात, दीड महिना शिळं. त्यांनी ते बाहेर काढलं. "मग आता ये. राहा."

"आता नाही येता येत, बाबा. तीन वर्षांचं लिहून दिलंय यांना." आणि मग, फार हळू, रागानं नाही, "आईला द्या."

आपण खरंच वाचलं नव्हतं यावर त्याचा विश्वास बसला की नाही, हे भाऊंना कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. बायकोनं फोन घेतला, बोलली, ठेवला. सगळं तिनं ऐकलंच होतं. आता ही आपल्याला फाडून खाणार, म्हणून भाऊ मान खाली घालून बसले. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "त्या शिवणाच्या बाईंचं मात्र वाचलंत," आणि आत गेली.

सोमवारी भाऊंनी, या खेपेला मागून घेतलेल्या नंबरवर, इंजिनिअरला फोन लावला. चार नंबरवर महिन्याभरापूर्वी लिहिलेलं काही परत मिळेल का? सगळं नको. निदान वरच्या दोन-चार ओळी.

"ते बटण दाबलं होतंत ना?"

"दाबलं होतं."

"मग नाही हो. कणभर राहत नाही मागे. बसवलंय कोणी हे? फार चोख काम आहे."

"मुलानं," भाऊ म्हणाले.

"हुशार आहे. सांगा त्याला."

त्या आठवड्यात भिंतीवर चौथी पाटी आली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं, दारातून वाचता येईल असं. 'कोणासाठी काही इथं लिहून ठेवू नये. तोंडानं सांगावं.'

ग्रंथपालबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे कशासाठी, भाऊ? असं कोण ठेवतं?"

"कोणी नाही," भाऊ म्हणाले. "सूचना आहे."

कॉलेजातली मुलं तिच्यावरही हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि त्या दिवशी पासवर्ड विचारलाच नाही.

भाऊ अजून तसेच पुसतात. बाजूला उभं राहून, तोंड खिडकीकडे. आता कोणी म्हणेल, एवढं झाल्यावर तरी माणूस वळून बघेल. पण बघून चालत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. शिवणाच्या बाई अजून वाचनालयाच्या रस्त्यानं जात नाहीत. फरक पडलाय तो एवढाच की स्क्रीन काळी झाल्यावर डब्यावरचं बारीक बटण दाबण्याआधी भाऊ थांबतात. काळ्या काचेत त्यांचं स्वतःचं तोंड दिसत असतं, तिकडेही ते बघत नाहीत. खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारतात, "कोणाचं काही राहिलंय का?"

दारात रजिस्टर भरणारा माणूस वळून म्हणतो, "नाही हो. माझं झालं."

तरी भाऊ जरा वेळ थांबतात. मग बटण दाबतात.